उंबऱ्यावरची नथ

मखमली डबीचा कुबट वास आला की सराफ्यातली ती दुपार आठवते. पोरांनो, तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नासाठी सराफानं दोन चापाच्या नथी पुढं ठेवल्या. गुलाबी झाकेच्या पांढऱ्या कल्चर्ड मोत्यांची महाग होती, पिवळसर मोत्यांची स्वस्त. “महागाचीच घ्या. पांढऱ्या मोत्यानं सावळेपणा जरा लपंल,” तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुमची आई पिवळसर नथ लावून उंबऱ्यावर, उन्हात जाऊन उभी राहिली. ते मोती तिच्या सावळ्या ओठांवर सायीसारखे दिसत होते. “काकू, आता सांगा, काय लपवायचंय?” सासूबाई निरखत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, “लई तोऱ्याची हाय पोरगी. हीच बांधा.” तेव्हापासून तुमच्या आईची भांडणं मी तिलाच लढू देते.