फाटक्या कानाचा वाघ

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. असणार तरी कसा? कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर बसणारी जी बाई प्रसिद्ध आहे ना, ती अफवा मीच उठवलेली! तेव्हा एका थापाड्याचा हा अनुभव... मानायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

१९९७चा मे. माझे सासरे – आम्ही त्यांना मामा म्हणतो – मूळचे साताऱ्याकडचे. मार्केटात पोती उचलण्यात उभा जन्म गेला, शेवटची वर्षं वाशीला. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याला समोरच्याच्या शर्टाचा रंग कळायचा, बटणं नाही. ही नजरही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मामा म्हणाले, "मग एकदा वाघ बघू द्या. पिंजऱ्यातला नगं."

म्हणून मामा, माझी बायको वंदना आणि मी ताडोबाजवळच्या एका लॉजवर तीन दिवस राहिलो. चार सफारी झाल्या. चितळ, मोर, रानडुकरं... वाघ नाही! पाचवी सफारी शेवटची. सकाळची वेळ, दुपारी परतीची गाडी. आमची जिप्सी पाणवठ्यापाशी अर्धा तास उभी. लख्ख ऊन, पाण्यावर साधा तरंग नाही, पलीकडे बांबू.

मामांचा चेहरा बघवेना. मी गाइड देवाजीला डोळा मारला आणि मामांच्या कानाशी कुजबुजलो, "मामा, हलू नका... बांबूतून वाघ येतोय!"

"कुठं?"

"सरळ समोर."

देवाजीही हसू दाबत म्हणाला, "मोठा हाय जी!"

वंदनाने मला असा चिमटा काढला की विचारू नका. मी पुढचं वर्णन जुळवतोय, तेवढ्यात मामाच बोलायला लागले.

"गप बसा, पाव्हणं. दिसतंय मला... डावा कान फाटलाय की त्याचा. लंगडतोय बी. आता बघा, उलटा फिरला... शेपटीकडनं पाण्यात बसतोय, येडा!"

देवाजीचं हसू मावळलं. "वाघ मागच्या अंगानंच पाण्यात बसते, साहेब. यांना कोणी सांगितलं?"

मी नाही बुवा. मलाच ठाऊक नव्हतं!

पाच मिनिटं मामा वाघ बघत होते आणि आम्ही सगळे रिकामं पाणी. मग ते हळूच म्हणाले, "गेला."

देवाजीने ड्रायव्हरला जिप्सी पाण्याच्या पलीकडच्या कडेला घ्यायला लावली. चिखलात पंजे उमटलेले. आमच्यादेखत एका ठशात पाणी झिरपून भरत होतं – इतके ताजे! आणि पुढचा एक पंजा दर वेळी अर्धाच टेकलेला. देवाजीने डोक्यावरची टोपी काढली. "वीस वर्षं झाली जी जंगलात... काही समजून नाही राहिलं."

वंदना म्हणते, बाबांनीच तुमची फिरकी घेतली. घेतली असेल. पण मग ते पंजे? वाघ आम्ही यायच्या आधी येऊन गेला म्हणावं, तर ठशात पाणी तेव्हा कसं भरत होतं? आणि आमच्यासमोर आला असेल, तर आमच्या धडधाकट डोळ्यांना काय झालं होतं? डोकं पार भंजाळतं.

दिवाळीच्या आत मामांची नजर पूर्ण गेली. कुरकुर नाही. आता आमच्याकडेच राहतात; सोसायटीत कुणीही भेटो, त्याला वाघ ऐकवतात, कान, लंगडणं, सगळं. शेवटी माझा खांदा चाचपून म्हणतात, "आमच्या पाव्हण्यांनी दावला म्हणून."

मी मान डोलावतो. आपण नक्की काय दाखवलं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.