गांजाच्या शेडमधला गवती चहा

कुवेतमधल्या एका भाजीपाला आयात करणाऱ्या कंपनीत मी खरेदीचं काम बघते. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं रोज बोलले, त्यांतल्या बहुतेकांना मी कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. थायलंडमधली एक शेतकरीण त्यांतलीच. वयाने माझ्याएवढी असेल. तिच्याकडून आम्ही गवती चहा, थाई तुळस, लिंबाची पानं असा माल विमानाने मागवायचो. दोघींचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. गवती चहा आम्ही दुधाच्या चहात घालतो हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसत होती.

मग तिच्या देशाने गांजावरची बंदी उठवली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"सिस्टर, इथे सगळे हेच लावतायत. मी पण शेड बदलते आहे."

पाठोपाठ फोटो आले. ज्या शेडमध्ये तुळशीचे वाफे असायचे तिथे छतावरून दिवे लोंबत होते, मोठाले पंखे होते, आणि कमरेएवढी हिरवी झाडं ओळीने पार शेवटपर्यंत. मी बघत राहिले. एक कायदा बदलला आणि शेताचं कारखान्यासारखं काहीतरी झालं होतं. तिच्या गावच्या रस्त्यावर कुंड्यांची, खतांची, काचेच्या बरण्यांची दुकानं उघडली होती. शिंप्याने मशीन विकून दिव्यांची एजन्सी घेतली, असं ती सांगत होती.

आमच्या शीतगृहाचा सगळा कारभार रत्नागिरीकडचे एक चाचा बघतात. फोटो त्यांना दाखवायला गेले, तर त्यांनी आधी मागे वळून दार लावलं.

"बाय, हे फोटो आधी पुसून टाक. ह्या मुलखात असलं काय फोनमध्ये ठेवायचं नाय. आणि तिचा माल बंद कर. एक पान जरी पेटीत आलं ना, तर तू, मी, मालक, सगळे आत."

मालकांनीही तेच सांगितलं. मालक सत्तरीचे कुवेती गृहस्थ. हिंदी चांगलं बोलतात, कारण त्यांच्या घराण्याचा मुंबईशी जुना व्यापार. ते म्हणाले, "बाई चांगली आहे, मला माहीत आहे. पण आता तिच्याकडून काही घ्यायचं नाही."

मी तिला फोन करून हे सांगितलं. ती मग म्हणाली, "ओके, सिस्टर. तुमच्याकडे तसं आहे, मला कळतं." आम्ही केरळमधून माल घ्यायला लागलो.

नंतरची दोन-तीन वर्षं सणासुदीचे मेसेज तेवढे चालू होते. मग बातमी आली की थायलंडने पाऊल मागे घेतलं. आता गांजा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचा नाही. मी इथल्या जाब्रिया भागात मुलीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते, तिथे बाहेर बसून ही बातमी वाचली आणि पहिल्यांदा मनात तीच आली.

चारच दिवसांत तिचा फोन. दुकानं पटापट बंद होत होती. तिच्याकडून माल उचलणारे फोन घेत नव्हते. शिंप्याच्या एजन्सीसमोर दिव्यांचे खोके पावसात भिजत पडले होते, कोणी फुकट नेईना.

"सिस्टर, मी परत गवती चहा लावला तर घ्याल?"

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "आधी मला तिची जमीन दाखव."

ती तयार होती. ठरलेल्या सकाळी चाचांनाही बोलावून घेतलं. मालकांच्या केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर तिचा व्हिडिओ कॉल लावला. ती फोन हातात धरून चालत होती. पहिल्या शेडमधून सगळी झाडं उपटली होती. दिवे उतरवले होते, त्यांच्या तारा तेवढ्या वर लटकत होत्या. वरची माती खरवडून बाहेर ढीग घातला होता. लोखंडी सांगाडा कोणीतरी साबणाने घासला होता, तो उन्हात चमकत होता. दुसऱ्या शेडमध्येही तेच. तिसरीत नव्या मातीत गवती चहाची ठोंबं लावून झाली होती, बोटभर पाती वर आली होती; चौथी नुसती रिकामी होती. जे उभं करायला तिने सगळं पणाला लावलं होतं, ते तिने स्वतःच्या हातांनी मोडलं होतं.

"जुने क्रेट?" चाचांनी विचारलं. त्यांचा प्रश्न मी तिला सांगितला.

"सगळे वितळवायला दिले. वास जात नाही. नवे घेतले."

चाचांनी मान डोलावली.

कॉल संपल्यावर मालकांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "माझे आजोबा मोती विकायला मुंबईला जायचे. जपानचे पिकवलेले मोती आले आणि आमचा धंदा बसला. आजोबांनी जहाज मोडलं. त्या लाकडाचे दरवाजे करून विकले. वडील सांगायचे, जहाज मोडताना ते एकदाही बसले नाहीत, उभेच होते."

एवढं बोलून त्यांनी मला सांगितलं, "माल मागव. पहिला माल येईल तेव्हा मी येतो."

आणि काही महिन्यांनी गवती चहा कापणीला आला, तेव्हा ते खरंच आले. विमानतळावरच्या कार्गोच्या शेडमध्ये, भर उन्हाळ्यात, पांढऱ्या पायघोळ दिशदाश्यात, आमच्या पेट्यांशेजारी उभे राहिले. माल कुठला, आधी तिथे काय पिकत होतं, हे त्यांनी कस्टमच्या अधिकाऱ्याला आपणहून सांगितलं. तो चकित झाला. त्याने कुत्रा मागवला. कुत्रा पहिल्या पेटीपासून हुंगत निघाला. मधल्या एका पेटीपाशी थांबला, नाक आत खुपसलं. चाचा पुटपुटत दुवा मागत होते. मालक हलले नाहीत. कुत्रा जोरात शिंकला आणि डोकं झटकून पुढे गेला. अधिकारी हसला. "लेमनग्रास," म्हणाला, आणि कागदावर शिक्का मारला.

तिला मी तिथूनच कळवलं. तिने उत्तरात नुसता हात जोडल्याचा स्टिकर पाठवला. आणि मग, बऱ्याच वेळाने, एक ओळ: आज मी झोपणार.

आता दर आठवड्याला तिचा माल येतो. इथल्या समुद्रकाठच्या खैरानमधल्या एका रिसॉर्टने तिच्या तुळशीचा करार केला आहे. चौथी शेड मात्र अजून रिकामी आहे. औषधासाठी परवाना काढून गांजाच लाव, असं तिला एक कंपनी म्हणते आहे. तसं केलं तर आमची खरेदी पुन्हा बंद, हे तिला ठाऊक आहे. परवा मी विचारलं, काय ठरवलंस?

"अजून काही नाही, सिस्टर," ती म्हणाली. "रोज सकाळी जाते आणि त्या शेडमध्ये उभी राहते."