नदी नसलेलं बेट

बहरीनच्या एका भारतीय शाळेत मी आठवीला भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. नवरा इथे एका कारखान्यात इंजिनिअर, मुलगा शिकून बाहेर गेलेला, आणि रिफातल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. हे सगळं सांगण्यासारखं. पुढे जे सांगायचं आहे ते मी नवऱ्यालाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू झालं की मी मुलांना एक प्रोजेक्ट देते. एक छोटा देश निवडायचा, त्याचा नकाशा काढायचा, हवामान, नद्या, पिकं, व्यवसाय लिहायचे. त्या वर्षी विषय होता बेटांचे देश. बहुतेकांनी मालदीव घेतलं, काहींनी मॉरिशस, सेशेल्स. चकचकीत रंगीत प्रिंटआउट, प्लास्टिकच्या फाइली, निळ्या समुद्राचे तेच ते फोटो. बऱ्याच जणांच्या वाक्यांतला शब्दन् शब्द सारखा होता. हे सगळं कुठून येतं ते मला माहीत असतं, आणि तरी मी त्यांना वीसपैकी सोळा-सतरा मार्क देते, कारण फाइल नीटनेटकी असते.

एका मुलीने कोमोरोस घेतलं होतं. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्या वरच्या अंगाला असलेली तीन लहान बेटं. मुलगी तिथलीच. वडील इथे बंदरावर कामाला, आई एका हॉस्पिटलात वॉर्डमध्ये मदतनीस, घर अरादला. आमच्या शाळेची फी परवडते म्हणून काही बिगरभारतीय मुलंही आमच्याकडे येतात, त्यांतली ही एक. शांत, उंच, मागच्या बाकावर बसणारी.

तिची फाइल म्हणजे वहीचे कागद दोऱ्याने शिवलेले. नकाशा हाताने काढलेला, पेन्सिलीचं खोडलेलं दिसत होतं. एका पानावर तिने चार लवंगा आणि काळपट, सुरकुतलेली एक शेंग चिकटपट्टीने लावली होती. खाली लिहिलं होतं, व्हॅनिला. ही फुलं सकाळी उमलतात आणि प्रत्येक फुलाला माणसाने हात लावावा लागतो, नाहीतर शेंग धरत नाही, ही माझ्या आजीने केलेली आहे. चिकटपट्टी पिवळी पडून पानावर तेलाचा डाग आला होता. मला तो डाग खटकला.

मग नद्यांचं पान. तिथे एकच ओळ होती. ‘आमच्या बेटावर नदी नाही. पाऊस खूप पडतो. लोक छपरावरचं पाणी टाकीत साठवतात आणि तेच पितात.’ संदर्भाच्या जागी लिहिलं होतं, माझी आई.

मी लाल पेनाने लिहिलं की उष्ण कटिबंधात एवढा पाऊस असताना नदी नाही हे शक्य नाही, पुस्तक बघ. शेवटच्या पानावर व्यवसाय होते. शेती, मासेमारी, आणि तिसरा व्यवसाय तिने लिहिला होता, निघून जाणं. त्यावर मी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. वीसपैकी नऊ मार्क दिले.

एवढ्यावर थांबले असते तर चुकीने मार्क कापले, एवढंच झालं असतं. पण फाइली परत देताना मी तिला उभं केलं आणि ते व्यवसायाचं पान वाचायला सांगितलं. तिने वाचलं. वर्ग हसला. मी म्हणाले, “निघून जाणं हा व्यवसाय असतो का? मग विमानतळावरची सगळी माणसं एकाच धंद्यात आहेत म्हणायची.” मुलं आणखी हसली. माझा विनोद जमला म्हणून मलाही बरं वाटलं, हे मला पक्कं आठवतं. ती खाली बसली आणि फाइल दप्तरात ठेवली.

मे महिन्यात ओपन हाऊस होतं. त्या दिवशी पालक एकेक करून टेबलासमोर येऊन बसतात, मुलं बरोबर असतात. तिची आई आली. अंगावर हॉस्पिटलचा निळा युनिफॉर्म, त्यावर काळी शाल. शिफ्ट संपवून थेट आली असावी. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला अरबी येत नाही. दुकानात लागतं तेवढंच, मफी, खलास, यल्ला, म्हणजे नाही, संपलं, चला. त्यामुळे मुलगी मध्ये बसली आणि मी तिच्याबद्दल जे बोलत होते ते तिलाच आईला सांगावं लागत होतं.

आईने ती शिवलेली फाइल पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि नद्यांच्या पानावर बोट ठेवलं. मुलीने विचारलं, “मॅम, आई विचारते यात चूक काय आहे?”

मी सांगितलं की कल्पनाशक्ती चांगली आहे पण भूगोलात पुरावा लागतो. मुलीने काहीतरी थोडक्यात सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मला कळेल अशा, दुकानातल्या अरबीत सावकाश म्हणाली, “मतर वाजिद. नहर मफी.”

पाऊस खूप. नदी नाही. हे समजायला दुभाषाची गरज नव्हती. तिने हात पुढे केला, तळवा वर, बोटं फाकवली आणि त्यांमधून पाणी खाली निघून जातंय असं दाखवलं. मग पायाने फरशीवर टकटक केलं. तिच्याकडची जमीन तशी आहे, असं ती सांगत होती.

त्या दोघींच्या मागे रांगेत इतर पालक उभे होते. त्यांत पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ होते, वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाचे वडील. ते ऐकत होते. मी मुलीला म्हणाले, “आईला सांग, मी वीस वर्षं भूगोल शिकवते आहे.”

मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आईला तिने ते सांगितलं नाही. मला म्हणाली, “आई थँक यू म्हणते, मॅम.”

आई काहीच म्हणाली नव्हती. मुलगी उठली, फाइल उचलली, आईचा दंड धरला आणि दोघी निघाल्या. बँकेतले गृहस्थ खुर्चीवर बसत मला हसून म्हणाले, “तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागतं!” मी पण हसले.

त्यानंतर आठवडा गेला असेल. गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं. घरी सगळे बरे आहेत, कलमं यंदा उशिरा धरली, असं चाललं होतं. मी सहज विचारलं, विहिरीला पाणी आहे का. तो म्हणाला, “कुठलं गो ताय, शिमग्यालाच आटली. टँकर येतो दोन दिवसांनी, तोही खालच्या रस्त्यापर्यंत. आपला जांभा कधी पाणी धरतो का?”

फोन झाल्यावर मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. आमच्याकडे चार महिने असा पाऊस पडतो की अंगणात पाऊल टाकता येत नाही, आणि मार्च उजाडला की प्यायला पाणी नसतं. जांभ्याचा दगड सगळं आत ओढून घेतो. मी आठवीत होते, म्हणजे त्या मुलीएवढीच, तेव्हा आईबरोबर खालच्या वाडीतल्या झऱ्यावर जायचे. वाटीने पाणी उपसून हंडा भरायला तासभर लागायचा. आई वाटी लावायची आणि मी उन्हात मागे नंबर लावून उभी असायचे. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. कोणी विचारलं असतं पुरावा काय, तर मीही आईचंच नाव सांगितलं असतं.

आणि निघून जाणं! आमच्या वाडीत दर घरातला एक तरी पुरुष मुंबईला होता. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा त्या दिवशी घराघरात चुली लवकर पेटायच्या. वडील गिरणीत, नंतर काका, नंतर भाऊ थोडे दिवस राहिला आणि परतला. मी तर समुद्र ओलांडून आले. आजही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथून पैसे पाठवले नाहीत तर भावाचं अडतं. त्या मुलीने एका ओळीत जे लिहिलं होतं त्यावर मी वाढले होते, आणि त्यावर मी वर्गाला हसवलं होतं.

इथल्या मराठी लोकांत कोणी गाव विचारलं की मी हापूसवाल्या रत्नागिरीची, असं सांगते. समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटतं, विषय तिथेच संपतो. टँकरचं, झऱ्याचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या बायकांमध्ये बसून ते सांगायची मला लाज वाटायची. ती मुलगी मात्र वहीच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, सगळं जसंच्या तसं लिहून मोकळी झाली होती. मला तिची फाइल गबाळी वाटली त्याचं कारण थोडंसं हेही असणार.

त्याच संध्याकाळी मी नीट शोधून वाचलं. तिन्ही बेटं ज्वालामुखीची. सगळ्यांत मोठ्या बेटावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे, आणि तिथला लाव्हा इतका सच्छिद्र की बारमाही नदी एकही नाही. पाऊस जमिनीत जिरून जातो. शेजारच्या बेटावर ओढे आहेत, पण जंगल तुटल्याने तेही सुकत चालले आहेत. लवंग, व्हॅनिला आणि अत्तरासाठीची पिवळी फुलं बाहेर जातात, तांदूळ बाहेरून येतो, आणि फ्रान्सला गेलेल्या माणसांच्या पैशावर घरं उभी राहतात. तिची एकही ओळ चुकीची नव्हती.

मग मी जे केलं तेही सरळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरना सांगितलं की बेरजेत चूक झाली आहे, आणि कॉम्प्युटरवर नऊचे अठरा केले. कोणाला काही कळलं नाही. अपमान तीस मुलांसमोर केला होता, भरपाई गुपचूप. मुलीला मार्क दिसले असणार. तिने काही विचारलं नाही. फक्त वर्गात हात वर करणं बंद केलं. आधीही ती फार करायची असं नाही, पण हवामानाच्या धड्याला करायची. आता मी प्रश्न विचारला की ती पुस्तकात बघायची आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची.

सुट्टीनंतर, सप्टेंबरात, पुन्हा ओपन हाऊस आलं. आधीच्या आठवड्यात मी आमच्या अरबीच्या मॅडमकडून एक वाक्य लिहून घेतलं, देवनागरीत, आणि घरी म्हणून म्हणून पाठ केलं. माझी माफी त्या मुलीला आईपर्यंत वाहून न्यायला लागू नये, एवढंच मला जमण्यासारखं होतं. आई समोर बसल्यावर मी म्हणाले, “अना गलताना.” माझी चूक झाली. मग मुलीकडे हात करून म्हणाले, “हिया सह.” हिचं बरोबर आहे.

आईने शाल सावरली. ती रागावलेली नव्हती, दमलेली दिसत होती. मग ती बरंच बोलली, हळू आवाजात. मुलगी ऐकत होती आणि तिचे कान लाल होत होते.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“ती म्हणते, घरात सगळ्यांना माहीत आहे माझं बरोबर आहे ते. वर्गात माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. तयारी करून गेले होते तरी जीभ अडखळली. प्रोजेक्टमध्ये मी एकीला चुकीचं ठरवलं, ती बरोबर होती, मी न वाचता बोलले, असं म्हणाले. फळ्यावर दोन दगड काढले, लाव्हा आणि जांभा, आणि पाणी त्यांतून कसं खाली जातं ते दाखवलं. मग आमच्या गावाचं सांगितलं. टँकर, झरा, वाटी. एकाने विचारलं, “मॅम, तुम्ही गरीब होता?” मी हो म्हणाले. ती मुलगी सगळा वेळ बाकाकडे बघत होती. तीस जण माना वळवून तिच्याकडे बघत होते, आणि मला उशिरा लक्षात आलं की मी तिला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं आहे, या वेळी न उठवता.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, “मॅम, तुमच्या गावाचं सांगायची गरज नव्हती.” ते ती समजूतदारपणाने म्हणाली, का मी तिच्या गोष्टीत वाटा मागते आहे असं वाटून म्हणाली, हे मला आजही सांगता येत नाही.

जानेवारीत शाळाशाळांची भूगोलाची स्पर्धा होती. आमच्या वर्गातून एक नाव द्यायचं होतं. मी तिला बोलावलं, तयारी मी करून घेईन म्हणाले. ती नम्रपणे उभी होती. म्हणाली, “नो, थँक यू, मॅम.” कारण दिलं नाही, मी मागितलं नाही. बँकेतल्या गृहस्थांच्या मुलाचं नाव लिहून मी कागद ऑफिसात दिला.