सगळ्यांना सारखीच ट्रायल

"हे आकडे तूच काढलेस ना, सलीम?" कोचने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मग ते बघू नका, असं तूच कसं म्हणतोस?"

याच मीटिंग रूममध्ये दोन वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होतो, खेळाडू निवडताना आकडे बघा. कोणी ढुंकून बघत नव्हतं. आज पहिल्यांदाच सगळे डोळे मिटून माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायला तयार होते, आणि नेमके आजचेच आकडे कुचकामी होते.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. रियाधमधल्या एका फुटबॉल क्लबात परफॉर्मन्स ॲनालिस्ट आहे. म्हणजे मॅचचे व्हिडिओ कापायचे, कोण किती आणि किती वेगाने धावला ते मोजायचं आणि कोचला समजेल असं मांडायचं. कोच पोर्तुगीज. त्याच्या वर स्पोर्टिंग डायरेक्टर अबू तुर्की, म्हणजे तुर्कीचे वडील. इथे मोठ्या माणसाला असं मुलाच्या नावाने हाक मारतात. माणूस दिलदार, पण निर्णय घ्यायची वेळ आली की आधी कॉफी मागवणार.

आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, सीझन संपल्यावर जाणार होता. त्याच्या जागी युनिव्हर्सिटीत खेळणारा एखादा मुलगा घ्यायचं ठरलं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंचा रीतसर ड्राफ्ट होतो, क्लब पाळीपाळीने मुलं निवडतात. आमच्याकडे तसं काही नाही. युनिव्हर्सिटीच्या मॅचेस बघायच्या, नावं काढायची आणि मग महिनाभर वाद घालायचा. हाच आमचा ड्राफ्ट.

वादाअंती दोन नावं उरली. एक फहद, इथलाच, अल मलाझचा. दुसरा नासेर, दूर उत्तरेकडच्या हाइल शहराचा. नासेर धावायला तुफान. फहद वेगात थोडा कमी, पण बॉल कुठे येणार ते त्याला आधीच कळायचं. मी दोघांच्या सगळ्या मॅचेस बघितल्या होत्या. माझं मत फहदला होतं.

फहदचं शेवटचं वर्ष. त्याला एका सरकारी ऑफिसात नोकरी लागत होती आणि ईदपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, क्लबचा करार हातात आला तर खेळ, नाहीतर गपचूप नोकरीला लाग. त्याच्या वयाच्या मुलाला पुन्हा कोणी बोलावत नाही. नासेरला अजून दोन वर्षं होती.

कोच म्हणाला, दोघांची ट्रायल घेऊ. इथपर्यंत ठीक. पण क्लबच्या अध्यक्षांना ट्रायल स्वतः बघायची होती आणि त्यांना फुरसत होती असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर. दिवस रमजानचे. त्या वेळी अख्खं शहर पाण्याच्या पहिल्या घोटाची वाट बघत असतं. आमची टीमसुद्धा रमजानमध्ये सूर्य मावळल्यावरच सराव करते.

"अबू तुर्की, या वेळेला मुलं धावणार कशी?" मी विचारलं.

"रोजा सगळ्यांनाच आहे, सलीम. सगळ्यांना सारखंच. याहून न्यायाचं काय असणार?"

अध्यक्षांची सोय म्हणजे न्याय, हे मला आधीच कळायला हवं होतं.

ट्रायलला दोघांच्या अंगात जीपीएसचं जॅकेट घातलं. हे बनियनसारखं असतं, पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र. खेळाडू किती वेळा जोरात धावला, दमल्यावर वेग किती उतरला, सगळं त्यात येतं. सुरुवातीला दोघंही चांगले धावले. नंतर फहदची जीभ टाळ्याला चिकटली असावी. परत मागे यायला त्याला उशीर व्हायला लागला. नासेर मात्र शेवटपर्यंत तसाच.

मधल्या विश्रांतीत मी चार्जर आणायला ड्रेसिंग रूममध्ये गेलो. कोपऱ्यात नासेर भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होता. मला बघून त्याने बाटली पटकन बॅगेत टाकली.

त्याने चुकीचं काहीच केलं नव्हतं. प्रवासात असलेल्याला रोजा सोडायची मुभा आहे. तो नंतर भरून काढायचा. पोरगा हाइलहून सहा-सात तास बसमधून आला होता आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. मीही रोजे धरतो, मला हे ठाऊक आहे. तो लपून प्यायला, तेही बाकीच्यांचा मान राखून. पण आमची 'सगळ्यांना सारखी' ट्रायल तिथेच खलास झाली. एक जण पाणी पिऊन धावत होता, दुसरा पहाटेपासून कोरडा.

आकडे बघून सगळे नासेरलाच घ्यायला निघाले होते, म्हणून मीटिंगमध्ये मी म्हटलं, आकडे बघू नका. कारण मात्र सांगता येईना. चारचौघांत कोणाचा रोजा आहे, कोणाचा नाही, हे काढणं म्हणजे असभ्यपणाची हद्द. अध्यक्षांसमोर नासेरचं नाव घेतलं असतं, तर ती चहाडीच वाटली असती.

मीटिंगनंतर अबू तुर्कींना बाजूला घेतलं.

"नासेरचा रोजा नव्हता."

"अस्तगफिरुल्लाह, अल्ला माफ करो! असं बोलतात का कोणाबद्दल?"

"अहो, तो मुसाफिर आहे. त्याला मुभा आहे."

"मग तुझी तक्रार काय?"

"त्याच्याबद्दल काहीच नाही. ट्रायल फुकट गेली, एवढंच म्हणतोय!"

"खैर, इन्शाल्लाह," म्हणून त्यांनी कॉफी मागवायला सांगितलं. मग आठवलं, रोजा आहे. ती ऑर्डरही मागे घेतली.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भजी तळत होती. म्हणाली, "तुम्ही तिथे कामाला जाता की भांडायला? तुमच्या मशीनला सांगा ना बिघडायला."

ती चेष्टेत म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तेच केलं. कोचला सांगितलं, जॅकेटला सिग्नल नीट मिळत नव्हता, डेटा खराब आहे, ट्रायल परत घ्यावी लागेल.

"दोन वर्षं तू याच डब्यांची आरती ओवाळतोयस!" असंच काहीसं पोर्तुगीजमध्ये आणि मग इंग्रजीत त्याने मला सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. नासेरचा मुक्काम वाढवला आणि त्याच संध्याकाळी, इफ्तारनंतर, म्हणजे रोजा सोडल्यावर, ट्रायल झाली. अध्यक्ष आलेच नाहीत. त्यांना जेवायला जायचं होतं.

दोघंही पोटभर पाणी पिऊन उतरले. नासेर पहिल्यासारखाच धावला. फहदला धावायची गरजच पडली नाही. बॉल येण्याआधीच तो तिथे उभा असायचा. कोच बाकावरून उठला आणि शेवटपर्यंत उभाच राहिला. करार फहदला मिळाला. नोकरीला त्याने नकार कळवला. त्याचे वडील खजुरांचा डबा घेऊन क्लबात आले आणि तो मला सोडून सगळ्यांना दिला. ज्याच्या मशीनमुळे पोराला दोनदा धावावं लागलं, त्याला कशाला देतील?

नासेर बसकडे निघाला तेव्हा मी त्याला सोडायला गेलो. बॅग खांद्यावर टाकत त्याने विचारलं, "मशीन बिघडलं नव्हतं ना?"

मी बस कुठली ते बघायला लागलो.

"मी प्यायलो म्हणून परत घेतलीत?"

"तू चुकीचं काही केलं नाहीस, नासेर."

"ते मला माहीत आहे. पण सरळ विचारलं असतंत, तर मीच सांगितलं असतं, दोघांना सारखं खेळवा म्हणून. फहद चांगलाच आहे." मग हसून म्हणाला, "आता आमच्याकडे सगळे म्हणणार, पहिल्या दिवशी निवडलेलं, दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. त्यांना काय सांगू?"

बस गेली.

कोचने त्या आठवड्यात सगळी जॅकेट्स कपाटात टाकली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. ती अजून त्याच्याकडेच आहे. मी पुन्हा डोळ्यांनी मॅच बघून कागदावर खुणा करतो. माझ्या कामाला ते चालतं. फक्त आता ट्रायलला आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी बाजूला घेऊन विचारतो, बाबा रे, कुठून आलास, काय खाल्लंस, झोपलास का? मोजायचं ते नंतर.