बारवेतले वाकडे पाय

चांगुणाबाईचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. पोटुशी असताना आईनं ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून लेकरू असं निपजलं, असं गाव म्हणायचं, आणि आईनंही ते मरेपर्यंत खरं मानलं. लग्न काही जमलं नाही. पण हातात टाका असा, की पार पोखर्णीपासूनच्या बाया तिच्याकडं वाकळा शिवायला टाकायच्या. गावाच्या कडेला, बारवेला लागूनच तिचं घर. जुनी लुगडी धुवायला पाणी हाताशी.

पोळा होऊन गेला होता. एका दुपारी धुणं घेऊन ती बारवेत उतरली, तर खालच्या पायरीवर एक बेडूक. उडी मारेना. दगडाला अंग घासत, ओढत पुढं सरकत होता. तिनं उचलून बघितला. मागं एका बाजूला एक पाय, दुसऱ्या बाजूला दोन. जास्तीचा पाय वाळक्या काडीसारखा, पण मधूनच आपला आपण हलायचा.

"आगं माय!"

कडेचं पाणी बेडूकमाशांनी काळं झालं होतं. बरेच नीट होते. काहींच्या पाठी मात्र धनुष्यासारख्या वाकलेल्या, अन् ते एकाच जागी गरगर फिरत होते. बाकी बारव कधीची गप्प होती. एवढ्या पाण्यात एकही बेडूक ओरडत नव्हता.

ती कुणाला काही बोलली नाही. पण थोड्याच दिवसांत बेडूक तिच्या अंगणात यायला लागले. धुण्याचं पाणी जिरून अंगण सदा ओलं. बेडूक ओल धरून येणारच, हे तिला कळत होतं. तरी दिवस कलला की दाराकडं बघवत नव्हतं. सगळे वाकडे. अन् सगळे घराकडं तोंड करून बसलेले.

शेजारची सारजाबाई एकदा विरजण मागायला आली ती उंबऱ्याबाहेरच थबकली.

"चांगुणे, हे तुज्याच दारात कामून गं?"

"वल हाय म्हणून यायलेत."

सारजाबाईनं बेडकांकडं बघितलं, मग चांगुणाच्या पायाकडं. विरजण न घेताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बारवेवर लोटलं. चांगुणाला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, फक्त वाकळा यायच्या थांबल्या. सारजाबाईची सून राजेश्री पोटुशी होती; तिच्या बाळासाठी चांगुणा दुपटं शिवत होती. सारजाबाई तेही न्यायला आली.

"राहू दे आता. बाजारातून आणायलाव."

"आगं, अर्धंच झालंय."

"अर्धंच दे."

त्या संध्याकाळी चांगुणा आपला पाय हातात धरून बसली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की खरंच आपल्यामुळंच असंल तर? बाहेर ओल्या मातीवर काहीतरी सरपटत होतं. तिनं दार लावून घेतलं.

सकाळी उठून तिनं एक बेडूक डब्यात घातला आणि एसटीनं परभणी गाठली. तिची भाची ज्ञानेश्वरी तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. ज्ञानेश्वरीनं डबा उघडला, नीट बघितलं आणि तशीच तो घेऊन आपल्या पंडित सरांकडं गेली.

त्याच आठवड्यात सर बरण्या आणि जाळी घेऊन गावात आले. त्यांनी पाणी घेतलं, बेडूकमासे घेतले, दगडांना चिकटलेल्या गोगलगायी घेतल्या.

"अशा गोगलगायींतून एक बारीक किडा निघतो," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "बेडूकमाशाला जिथं पाय फुटतो, नेमका तिथं जाऊन बसतो. मग पाय वाकडा होतो, नाहीतर जास्तीचा येतो."

"त्याला काय मिळतंय त्यात?" सरपंच महारुद्रनं विचारलं.

"वाकड्या पायाच्या बेडकाला पळता येत नाही. बगळा त्याला गिळतो. किड्याला बगळ्याच्या पोटातच जायचं असतं."

लोक बरणीतल्या गोगलगायींकडं वाकून बघायला लागले.

"तुम्ही फवारणीचे पंपही इथंच धुता. त्याचाही हात असेल. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर हे पाणी पिऊ नका."

"माणसाला व्हतंय का हे?" सारजाबाईनं विचारलं.

"नाही. माणसाचा पाय हा किडा वाकडा करत नाही." बोलता बोलता सरांची नजर चांगुणाच्या पायाकडं गेली, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांची.

मग बगळे आले. अंगणाच्या भिंतीवर पांढरी रांग धरून बसायचे. चांगुणा ओट्यावर आपलीच जुनी वाकळ शिवत असताना एकानं हातभर अंतरावरून बेडूक उचलला. तिनं काठी उगारली, पण मारायची कुणाला तेच कळेना. काठी खाली ठेवली. दसऱ्यापर्यंत अंगण रिकामं झालं. तरी बगळे काही दिवस येत राहिले. एका पायावर, न हलता, तिच्याकडं बघत उभे राहायचे. ती पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

तपासणीत किडा सापडला आणि फवारणीचं औषधही. कशामुळं किती पाय वाकडे झाले, ते सरांनाही सांगता आलं नाही. बारवेवर पंप धुणं बंद झालं. राजेश्रीला धडधाकट मुलगी झाली. थंडीत वाकळा पुन्हा यायला लागल्या, सारजाबाईच्या घरची तेवढी आली नाही.

पुढच्या साली बारव भरली, तेव्हा भिंत धरत धरत चांगुणा खाली उतरली. कडेचं पाणी पुन्हा काळं झालं होतं. ती पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिली. सगळे बेडूकमासे सारखेच दिसत होते. पाय फुटायला अजून अवकाश होता.