भाऊ पोतनिसांची हनोई

भाऊ पोतनीस ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावर काठी टेकवून मुलांना जगभर फिरवून आणायचे आणि संध्याकाळी नौपाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत परत यायचे. स्वतः मात्र नाशिकच्या पलीकडे कधी गेले नव्हते. म्हणून १९५८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या एका मैत्री संघानं उत्तर व्हिएतनामला जाणाऱ्या शिक्षकांच्या मंडळासाठी नावं मागवली आणि भाऊंनी आपलं नाव दिलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी माना वर केल्या. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन यायचं होतं, पाहुणचार तिकडच्या सरकारचा. हेडमास्तरांना भाऊ का जातायत ते ठाऊक होतं. त्यांनी काही न विचारता सही केली.

भाऊंचा थोरला मुलगा सुधीर तिथं वारला होता.

सुधीर मुंबईत सरकारी कचेरीत स्टेनोग्राफर होता. १९५४ साली तिकडची लढाई थांबली, देशाचे दोन भाग झाले आणि तह पाळला जातोय की नाही हे बघायला एक आंतरराष्ट्रीय कमिशन बसलं. त्याचं अध्यक्षपद आपल्या देशाकडे होतं. कमिशनला कारकून हवे होते. सुधीरनं हौसेनं नाव दिलं. आळीतल्या लोकांनी त्याला निरोप दिला, विमलाबाईंनी मेतकूट आणि सुकटीची चटणी बांधून दिली, धाकट्या हेमानं येताना तिकडची छत्री आणायला सांगितली. वर्ष सरता सरता तो परत येणार, म्हणून घरात मुली बघायला सुरुवात झालेली. तेवढ्यात तार आली. ताप, हॉस्पिटल, मृत्यू. याच्यापुढे तारेत काही नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी विठ्ठलवाडीकडचा विश्राम म्हात्रे त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. तो लष्करात शिपाई, कमिशनच्या पहाऱ्यावर होता. सुधीरला अग्नी त्यानंच दिलेला, नदीत अस्थी त्यानंच सोडलेल्या. चहाच्या कपाला हात न लावता त्यानं सगळं सांगितलं. विमलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं?

विश्रामनं मान खाली घातली. "मी नव्हतो तिथं, बाय. मी हायफाँग बंदरावर गेलेलो. मी आलो तवा सगला आटपला होता."

त्या दिवसापासून विमलाबाईंचं बोलणं तुटलं. स्वयंपाक करायच्या, हेमाची वेणी घालायच्या, पण घरात दिवाळीचा कंदील लागला नाही आणि सुधीरच्या फोटोला त्यांनी हार घालू दिला नाही. ज्याचं तोंड मी पाहिलं नाही त्याला हार कसला, म्हणायच्या. भाऊंनी जायचं ठरवलं तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या, की जा, पण तिथून आणणार काय तुम्ही?

तर असे भाऊ कलकत्ता, रंगून करत विमानं बदलून हनोईला पोचले. बरोबरच्या शिक्षकांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मंडळाच्या प्रमुखांनी त्याचा समारंभ केला असता. फुलं आली असती, भाषणं झाली असती. भाऊंना ते नको होतं.

त्यांचा वाटाड्या थुआन नावाचा चाळिशीचा गृहस्थ होता. इंग्रजी सावकाश बोलायचा, सदरा गळ्यापर्यंत बंद, आणि हातात छापील कार्यक्रम. त्या कार्यक्रमाबाहेर एक पाऊल पडायचं नाही. सकाळी तळं, दुपारी देऊळ, संध्याकाळी बाहुल्या. तळ्याकाठी त्यानं गोष्ट सांगितली, की एका राजानं शत्रूला हाकललं ती तलवार याच पाण्यातल्या कासवानं परत मागून नेली. विद्वानांच्या देवळात दगडी कासवं ओळीनं बसली होती आणि त्यांच्या पाठींवर माणसाएवढ्या शिळा उभ्या होत्या. शेकडो वर्षांपूर्वी तिथं परीक्षा व्हायच्या हे ऐकून बरोबरचे मास्तर खूश झाले. एका खेड्यात तर छातीभर पाण्यात उभे राहून, बांबूच्या पडद्याआडून लोकांनी लाकडी बाहुल्या नाचवल्या. बाहुल्या पाण्यावर नांगर धरत, मासे पकडत, भांडत. सगळे हसले. भाऊही हसले आणि लगेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना तो देश आवडायला लागला होता. डोक्यावर शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बायका खांद्यावर कावड घेऊन लगबगीनं चालायच्या. बाजारात मासळीच्या खारट रसाचा वास यायचा आणि भाऊंना खाडीकाठच्या सुकटीची आठवण व्हायची. भात, मासे, केळीची पानं. डोळे मिटले तर वसईकडचं एखादं गाव. इथं माझा मुलगा राहिला, त्याला करमलं असणार, असं त्यांच्या मनात यायचं. पण तो कुठे राहिला, कुठल्या रस्त्यानं चालला, ते कुणाला विचारणार? कमिशनच्या कचेरीत ते एकदा चौकशीला गेले. तिथले आपले लोक चांगले होते, पण सगळे नवे. पंचावन्न सालचं कुणी उरलं नव्हतं.

मग मंडळाला हालाँगच्या उपसागरात नेलं. समुद्र हिरवा आणि इतका शांत, की होडी पाण्यावर आहे का काचेवर कळू नये. त्यातून हजारो डोंगर सरळ वर आलेले, कुणी उंटासारखा, कुणी पगडीसारखा, प्रत्येकाच्या डोक्यावर झाडांची शेंडी. थुआननं सांगितलं, की आकाशातून एक ड्रॅगन उतरला, त्यानं तोंडातून रत्नं टाकली, त्यांचे हे डोंगर झाले. बरोबरच्या मास्तरांनी भाऊंना विचारलं, की भूगोलवाले, तुमचं शास्त्र काय म्हणतं? भाऊ चुनखडी, पाण्यानं होणारी झीज असं सांगायला लागले. वर्गात सांगायचे तसंच. आणि मधेच थांबले. सुधीरनं पत्रात लिहिलं होतं, की भाऊ, तुम्ही फळ्यावर काढायचात ते सगळं इथं खरंच आहे, एकदा तुम्हाला आणतो. ते होडीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथं त्यांना रडू आवरेना.

थुआन मागून आला. बोट लागतेय का, म्हणून त्यानं विचारलं. भाऊंनी मान हलवली आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, की माझा मुलगा तुमच्या गावात मेला. कमिशनमध्ये होता.

थुआननं नाव आणि साल विचारलं, आणि कार्यक्रमाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. नंतर म्हणाला, की माझी बायको आणि मुलगी दक्षिणेत आहेत. दोन वर्षांत निवडणुका होतील, रस्ता उघडेल, असं तहात होतं. अजून उघडला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी मंडळ कापडाची गिरणी बघायला जाणार होतं. थुआननं प्रमुखांना सांगितलं, की पोतनिसांचं पोट बिघडलंय, आणि गाडी निघून गेल्यावर तो भाऊंना घेऊन पायी निघाला. आधी नदीवर नेलं. लाल नदी. तिच्या गाळाबद्दल भाऊंनी किती वर्षं शिकवलं होतं. लांबलचक लोखंडी पुलाखाली त्या गाळावर लोकांनी मका आणि केळी लावल्या होत्या. विश्रामनं अस्थी सोडल्या ती जागा हीच असावी, नक्की कोण सांगणार. एक बाई मक्याला पाणी घालत होती. भाऊंनी वाकून माती हातात घेतली आणि परत ठेवली. इथं त्यांना रडू आलं नाही. काहीच झालं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

थुआन म्हणाला, अजून एका ठिकाणी जायचंय. कमिशनची माणसं राहायची त्या हॉटेलच्या जुन्या हमालाला त्यानं शोधून काढलं होतं, आणि त्या हमालाला सुधीर आठवत होता. त्यानंच पुढचा पत्ता दिला होता.

हॉटेलमागच्या बोळात एका म्हातारीचं घर होतं. तिचं नाव न्हू. तिकडे म्हाताऱ्या बाईला 'बा' म्हणतात, म्हणून सगळे तिला बा न्हू म्हणायचे. कमिशनच्या लोकांचे कपडे ती धुवायची. थुआननं कोण आलंय ते सांगितल्यावर ती दारातच थबकली, भाऊंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेली.

आत भिंतीशी उंच फळीवर देव्हाऱ्यासारखं मांडलेलं होतं. उदबत्त्यांची राख, फळं, पाण्याच्या वाट्या. आईबापांच्या तसबिरी. फ्रेंचांशी लढताना मेलेली तिची दोन मुलं, दोघंही लष्करी टोपीतली. आणि कडेला, छोट्या चौकटीत, भांग नीट पाडलेला सुधीर. नव्या वर्षाच्या सणाला त्यानं तळ्याजवळच्या दुकानात फोटो काढून तिला एक दिला होता. थुआननं सांगितलं, की आमच्याकडे मेलेल्याच्या तिथीला जेवण मांडतात. परक्या गावात मेलेल्याला कुणी जेवू घालणारं नसेल तर तो भटकत राहतो. म्हणून दर वर्षी ही त्याचं पान मांडते.

भाऊ खाली जमिनीवरच बसले.

मग बा न्हूनं सांगितलं आणि थुआन एकेक वाक्य इंग्रजीत करत गेला. सप्टेंबरात मोठं वादळ झालं. त्या संध्याकाळी मुलगा कपडे न्यायला आला तो तापानं फणफणलेला, इथंच कोसळला. झाडं पडली, बोळात कमरेएवढं पाणी, गाडी येईना. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तांदळाची पेज पाजली, पाणी पाजलं. पाणी ओसरल्यावर त्याला हॉस्पिटलात हलवलं, पण तोवर त्याच्यात काही राहिलं नव्हतं. हॉस्पिटलातल्यांनी तिला आत येऊ दिलं नाही.

मग ती थुआनला काहीतरी विचारत राहिली. भाऊंनी दोनदा विचारल्यावर थुआन म्हणाला, "ती विचारतेय, तो कुणाला शोधत होता? तो सारखा 'आई, आई' म्हणायचा. आमच्या भाषेत 'आई' म्हणजे 'कोण'. तिला वाटलं, ताप डोक्यात गेलाय, अंधारात विचारतोय कोण आहे म्हणून. ती प्रत्येक वेळी सांगायची, मी आहे, बाळ, मी आहे."

भाऊंना सांगायचं नव्हतं. पण म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी थुआनला सांगितलं, की आमच्याकडे आई म्हणजे आई.

थुआननं ते तिला सांगितलं. बा न्हूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन मुलं गमावलेली ती बाई आणि भाऊ, दोघं त्या फळीखाली बसून रडली, आणि थुआन बाहेर बोळात जाऊन उभा राहिला. निघताना तिनं सुधीरचा फोटो खाली काढून भाऊंपुढे धरला. भाऊंनी तो घेतला नाही. पुन्हा वर ठेवायला सांगितला.

ठाण्याला पोचेपर्यंत भाऊ एकच विचार करत होते, की विमलाला किती सांगावं. तिनं इतकी वर्षं जे विचारलं त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. पाणी मिळालं होतं, मांडीचा आधार मिळाला होता. हे ऐकून तिचा जीव निवेल असं त्यांना वाटलं. हेमा मैत्रिणीकडे गेलेली पाहून त्यांनी सगळं सांगितलं, वादळापासून 'आई'च्या अर्थापर्यंत. पाणी पाजल्याचं ऐकून विमलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटचं ऐकून मात्र त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"म्हणजे हाक त्यानं मला मारली," त्या म्हणाल्या, "आणि ओ दुसरीनं दिली."

भाऊ म्हणाले, की तिनं ओ दिली म्हणून तर तो एकटा नव्हता.

"तुम्ही तिथं जाऊन आलात. तुम्हाला तसं वाटणारच," असं म्हणून त्या आत गेल्या. भाऊ ओसरीवर बसून राहिले. इतक्या लांबून आपण हिच्यासाठी काय घेऊन आलो, हे त्यांना तेव्हा कळलं.

शाळेत त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. त्यांनी हालाँगचे डोंगर सांगितले, पाण्यातल्या बाहुल्या सांगितल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरात मात्र त्या देशाचं नाव निघत नव्हतं. विमलाबाई बोलत पूर्वीइतकंच, कदाचित त्याहून कमी. आळीत कुणाच्या पोरानं आपल्या आईला हाक मारली तरी त्यांचा हात थांबायचा. हेमानं "आई" म्हटलं की त्या हातातलं टाकून धावत जायच्या. हेमा बिचारी कावरीबावरी व्हायची.

पुढच्या भाद्रपदात, पितृपंधरवड्यात, त्यांनी पहिल्यांदाच सुधीरच्या नावानं पान वाढायचं ठरवलं. भाऊंना काही न सांगता भरली वांगी, वड्या, खीर केली. पान वाढून झाल्यावर त्यांनी शेजारी आणखी दोन पानं मांडली. भाऊ दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाटलं, आपल्या आईवडलांची असतील.

विमलाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "त्या बाईच्या मुलांची नावं काय होती हो?"

भाऊंना ती दोन्ही पोरं आठवली, त्यांच्या टोप्या आठवल्या, फोटोंची चौकटसुद्धा आठवली. नावं त्यांनी विचारलीच नव्हती.

"विचारायला हवी होती," विमलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी दोन्ही पानांवर खीर वाढली आणि कावळ्यांसाठी दार उघडलं.