दादाने कापलेली पिशवी

सातारा सोडलं तेव्हा अजिंक्यताऱ्यावर अजून धुकं होतं. सायकल माझ्या थोरल्या भावाची. तिच्या तीन दांड्यांच्या मधे बांधलेली तिकोनी पिशवी मात्र आम्हा दोघांची होती: कापलेली दादाने, शिवलेली मी. सांगलीपर्यंत सायकलने जायचं म्हणून त्याने एका बाजूने प्लॅस्टिक चढवलेलं जाड कापड आणलं, पुठ्ठ्यावर माप घेतलं, तुकडे कापले आणि आषाढात तो अचानक गेला.

पाच महिने ते तुकडे वहिनीच्या मशीनच्या खणात पडून होते. मी ग्रंथालयात काम करते. शिवणाचा हात नाही. तीनदा उसवून चौथ्यांदा शिवलं, तरी उजवी बाजू सुलट बसेना. प्लॅस्टिक आत आणि खरखरीत अंग बाहेर. चूक माझीच, असं मी धरून चालले. त्याने कापलेल्याला कात्री लावायची नाही आणि हीच पिशवी घेऊन सांगली गाठायची, एवढं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी कराडच्या पुढे उसाच्या जोड-ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला. उजवा गुडघा पिशवीला घासत होता. दुपारी एका टपरीवर पिठलं-भाकरी खाल्ली, रात्री महामार्गालगतच्या लॉजवर राहिले. दुसऱ्या दिवशी आष्ट्याच्या अलीकडे उजवी शिवण फाटली आणि माझी पुस्तकं, टॉवेल, पंप रस्त्यावर आले.

आष्ट्यात ट्रॅक्टरच्या सीटा आणि हुडं (वरची कापडी छतं) शिवणाऱ्याचं दुकान सापडलं. मालक नजीरचाचा, साठी उलटलेले. शेजारी आपली सीट तयार व्हायची वाट बघत एक म्हातारे शेतकरी बसले होते.

"कुणी शिवलंय?" चाचांनी विचारलं.

"मी."

"शिवण बरी हाय की. आन् कापलंय कुणी?"

"माझ्या भावाने. सांगलीला जायचं म्हणून."

त्यांनी दोन्ही बाजू उसवून एकमेकींवर ठेवल्या. "बघा ताई. दोन्ही डाव्याच कापल्यात. पुठ्ठा पालथा न घालताच दुसरा तुकडा काढलाय. मग तुमी किती बी उसवा, उजवी कुठनं यायची?"

"म्हंजी दोन डाव्या चपला घालून सांगलीला निघालीस व्हय," म्हातारे म्हणाले.

"नवी उजवी कापतो. तासाभराचं काम," चाचा म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "तो गेला. हे त्याच्या हातचं आहे. वरून पट्टी लावता येईल का?"

चाचांनी शिवणीची कड उजेडात धरली. "लावीन की. पर ह्या कापडात सुई गेली का भोक मिटत न्हाई. तुमी उसवून उसवून टपाल तिकिटाच्या कडेगत केलंय. पट्टी सांगलीपतोर टिकंल, माघारी न्हाई." मग कापडावर हात फिरवत म्हणाले, "शिकताना मी बी असंच दोन डावं कापलं हुतं. वडील लय बोलले. तवापास्नं पुठ्ठा पालथा घालतो. तुमच्या भावानं कुणाला इचारलं नसंल."

विचारलं नव्हतंच. दादा कधी कुणाला विचारायचा नाही. छातीत दुखत होतं तेही आठवडाभर त्याने सांगितलं नव्हतं. त्या दुकानात, रेग्झिनच्या वासात, मला त्याचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदाच.

"कापा," मी म्हणाले.

त्यांनी हुडाच्या निळ्या कापडाची उजवी बाजू कापली. शिवून झाल्यावर दादाचा तुकडा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "ह्यो ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

संध्याकाळी सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खाल्लं. पाणी संथ होतं. गुडघा आता घासत नव्हता, आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं, हे जरा चमत्कारिकच.

चौथ्या दिवशी साताऱ्यात पोचले. वहिनीने निळ्या बाजूवर हात ठेवला. "ही वेगळी का?"

मी सांगितलं. सांगताना भीती वाटत होती. ती पिशवीकडे बघत राहिली, मग तिचे खांदे हलू लागले. हसत होती ती.

"मोरीचं दार असंच उलटं लावलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "आत गेलं की बादलीवरच आपटायचं. सुतार आणू म्हटलं तर महिनाभर अबोला. शेवटी बादली हलवली आम्ही."

मग चहा निवेपर्यंत आम्ही त्याच्या चुकाच सांगत बसलो. पाच महिने या घरात आम्ही दोघी एका निर्दोष माणसासाठी रडलो होतो. तसा माणूस आमच्या घरात कधी राहिला नव्हता.